पणिक्करांचा शब्द, पेकिंगचा अर्थ

भारतीय स्वातंत्र्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने जुलै १९४७ मध्ये संमत केला. त्याच्या सातव्या कलमात संस्थानांविषयी जो मजकूर आहे, त्यातील एक शब्द थांबून पाहावा असा आहे. ब्रिटिश राजाची हिंदी संस्थानांवरील ‘सुझरेन्टी’ लोप पावते, असे ते कलम सांगते. ‘सॉव्हरिन्टी’ लोप पावते असे सांगत नाही. मराठीत पहिल्या शब्दासाठी अधिसत्ता आणि दुसऱ्यासाठी सार्वभौमत्व असे म्हणता येईल. सार्वभौमाकडे मुलखाची पूर्ण मालकी असते, अधिसत्ताधीशाकडे केवळ वरचा हात. मांडलिक आपल्या घरात राजाच असतो, आणि डोक्यावरचा हात निघाला की मोकळा झाल्याचा दावा करू शकतो. त्रावणकोर आणि हैदराबाद यांनी १९४७ मध्ये स्वतंत्र राहण्याचे जे मनसुबे रचले, त्यांना कायद्याचा आधार पुरवला तो या भेदानेच.

हा भेद ज्यांनी जवळपास वीस वर्षे रोजच्या कामात हाताळला, त्या मोजक्या हिंदी मुत्सद्द्यांत कावालम माधव पणिक्कर यांचे नाव वरचे आहे. आणि १५ ऑगस्टनंतर अवघ्या तीनच वर्षांनी, ते पेकिंगमध्ये भारताचे राजदूत असताना, तिबेटविषयीच्या भारतीय स्मृतिपत्रात पहिल्या शब्दाच्या जागी दुसरा शब्द गेला तो त्यांच्याच हातून. अननुभवी अधिकाऱ्याकडून हे झाले असते तर एक ओळीची तळटीप पुरली असती. पणिक्करांकडून झाले, म्हणून त्यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

पणिक्करांचा जन्म १८९५ मधला, त्रावणकोर संस्थानातल्या कुट्टनाड भागातील कावालम गावचा. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधून ते ऑक्सफर्डला गेले, तिथे इतिहासात चमकले आणि परतल्यावर अलीगढला शिकवू लागले. प्राध्यापकी त्यांना फार काळ धरून ठेवू शकली नाही. असहकाराच्या लाटेत ते पत्रकारितेत शिरले. गांधीजींनी अकाली चळवळीच्या संदर्भात त्यांना अमृतसरला पाठवले, आणि दिल्लीत ‘हिंदुस्तान टाइम्स’ सुरू झाला तेव्हा त्याच्या संपादकाच्या खुर्चीवर ते बसले. त्यांची लेखणी मल्याळममध्येही तितकीच सराईत होती. कविता, नाटके आणि पळशी राजाच्या झुंजीवरची ‘केरळसिंहम्’ ही कादंबरी एवढ्या ऐवजावरही एखाद्या लेखकाचे नाव टिकले असते. पुढे केरळ साहित्य अकादमीचे पहिले अध्यक्षपद त्यांना मिळाले, ते राजदूतपदाच्या पुण्याईवर नव्हे.

राष्ट्रीय चळवळीतला हा संपादक विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थानिकांच्या पदरी गेला. तेव्हाच्या अनेक देशभक्तांना ते रुचले नाही, आणि पणिक्करांच्या लवचीक निष्ठेविषयी पुढे जी कुजबुज आयुष्यभर चालू राहिली तिचा उगम इथला आहे. परंतु त्यांच्या बुद्धीला हवे ते क्षेत्र त्यांना इथेच सापडले. १९२७ मध्ये त्यांनी संस्थाने आणि हिंदुस्थान सरकार यांच्या संबंधांवर ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास नेमलेल्या बटलर समितीने संस्थानिकांचे हक्क कोठे संपतात आणि ब्रिटिशांचा अधिकार कोठे सुरू होतो, याची व्याख्या करण्याचेच नाकारले. व्याख्या केली नाही म्हणजे गरज पडेल तसा अर्थ लावायला इंग्रज मोकळे राहिले. शब्द मुद्दाम अस्पष्ट ठेवून सत्ता कशी राखली जाते, हे पणिक्करांनी वादाच्या दुर्बळ बाजूला बसून पाहिले. नरेंद्र मंडळाच्या अध्यक्षांचे सचिव, गोलमेज परिषदांत संस्थानांच्या शिष्टमंडळाचे सूत्रचालक, पतियाळाचे परराष्ट्रमंत्री, आणि अखेरीस बिकानेरचे दिवाण अशी त्यांची चढण झाली. या काळात तहनामे, सनदा आणि खलिते यांतला शब्द न् शब्द कीस काढून वाचणे हाच त्यांचा व्यवसाय होता. एप्रिल १९४७ च्या अखेरीस संविधान सभेत ज्या संस्थानांचे प्रतिनिधी सर्वप्रथम दाखल झाले, त्यांत बिकानेर होते आणि त्या जागेवर पणिक्कर होते. अधिसत्ता लोपल्यावर पोकळी राहू नये, याची निकड त्यांना इतर अनेक दिवाणांच्या आधी उमगली.

१९४८ मध्ये नेहरूंनी त्यांना चीनला पाठवले. नानकिंगमध्ये त्यांनी चँग कै शेक यांची राजवट कोसळताना पाहिली. भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी नव्या साम्यवादी सरकारला मान्यता दिली आणि मे १९५० मध्ये पणिक्कर पेकिंगमध्ये नव्या राजवटीचे पहिले भारतीय राजदूत म्हणून रुजू झाले. आशियातून युरोपचे युग संपत आहे, ही त्यांच्या इतिहासलेखनाची मध्यवर्ती धारणा. ‘एशिया अँड वेस्टर्न डॉमिनन्स’ हा त्यांचा गाजलेला ग्रंथ १९५३ मध्ये आला. पेकिंगमध्ये त्यांना ती धारणा डोळ्यांसमोर घडताना दिसत होती. ज्या घटनेची आपण वीस वर्षे वाट पाहिली, तिच्याकडे संशयाने पाहणे कठीण जाते, हे त्यांच्या पुढच्या वर्तनाचे अर्धे स्पष्टीकरण आहे असे मला वाटते.

तरीही त्याच वर्षीच्या शरद ऋतूत शब्द ऐकण्याची त्यांची शक्ती किती तीक्ष्ण होती, याचा दाखला मिळाला. कोरियात युद्ध भडकले होते आणि अमेरिकी सेना ३८ व्या अक्षांशाकडे सरकत होती. सप्टेंबरच्या अखेरीस चीनचे सेनाधिकारी न्ये रुंगचन यांनी बोलण्याच्या ओघात पणिक्करांना सूचित केले, की चीन हात बांधून बसणार नाही. नंतर २ ऑक्टोबर संपून ३ तारीख लागल्यावर, मध्यरात्री, पणिक्करांना झोपेतून उठवून चाऊ एन लाय यांच्याकडे नेण्यात आले. चाऊंनी सांगितलेली गोष्ट थोडक्यात अशी : दक्षिण कोरियाचे सैन्य एकटेच अक्षांश ओलांडत असेल तर ती वेगळी बाब, अमेरिकी सैन्याने ओलांडला तर चीन दखल घेईल. चिनी भाषेत त्यांनी वापरलेले क्रियापद ‘गुआन’ असे होते. या क्रियापदाचा अर्थ पसरट आहे. लक्ष घालणे, सांभाळणे, आपल्या अखत्यारीत घेणे, मध्ये पडणे, असे सगळे त्यात बसते. युद्ध हा शब्द त्यात नाही, आणि नसावा अशीच त्याची निवड होती.

पणिक्करांनी त्याचा अर्थ युद्ध असाच घेतला. त्यांनी शब्दकोश पाहिला नाही, शब्दाभोवतीची परिस्थिती पाहिली. भेटीची वेळ मध्यरात्रीची होती, बोलावणारा स्वतः पंतप्रधान होता, आणि अमेरिकी व दक्षिण कोरियाई सैन्यांत केलेला काटेकोर फरक पोकळ धमकी देणाऱ्याच्या तोंडी सहसा येत नाही. त्यांची तार दिल्लीहून लंडन आणि वॉशिंग्टनला पोचली. परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांनी ती मनावर घेतली नाही. पणिक्कर चीनधार्जिणे आहेत, घाबरट आहेत, आणि हा सगळा बनाव आहे, अशी तिकडे समजूत होती. अमेरिकी तुकड्या अक्षांशापलीकडे गेल्या. १९ ऑक्टोबरला चिनी सैन्य यालू नदी ओलांडून कोरियात उतरू लागले. संदेश खरा होता आणि वाहकावर अविश्वास होता म्हणून तो वाया गेला, याचे विसाव्या शतकातले याहून महागडे उदाहरण सांगणे अवघड आहे.

त्याच ऑक्टोबरात चिनी सैन्याची दुसरी आघाडी पूर्व तिबेटात चामदोवर चालून गेली होती. या दुसऱ्या प्रसंगात पणिक्करांची भूमिका ऐकणाऱ्याची नव्हती, लिहिणाऱ्याची होती.

पार्श्वभूमी अशी. तिबेटवर चीनची ‘सुझरेन्टी’ आहे, हे ब्रिटिशांचे ठरलेले शब्दयोजन होते. लॉर्ड कर्झन यांनी १९०३ मध्येच ही अधिसत्ता म्हणजे घटनात्मक कल्पित असल्याचा शेरा मारला होता, तरी ते कल्पित सोयीचे होते. चीनला मान मिळे आणि ल्हासाशी परस्पर व्यवहार करण्याची वाट ब्रिटिशांना खुली राही. १९१४ च्या सिमला परिषदेत याच चौकटीत तिबेटला स्वायत्त धरले गेले. चिनी प्रतिनिधीने मसुद्यावर आद्याक्षरे केली, त्याच्या सरकारने ती अमान्य केली, आणि ब्रिटिश हिंदुस्थान व तिबेट यांनी आपसात व्यवहार पुरा केला. मॅकमहोन रेषा आली ती याच परिषदेच्या दरम्यान ब्रिटिश व तिबेटी प्रतिनिधींत झालेल्या पत्रव्यवहारातून. तिबेट अधिसत्तेखालील पण स्वायत्त असेल, तर त्याला आपल्या सीमेविषयी करार करण्याची पात्रता होती असे म्हणता येते. तिबेट चीनच्या सार्वभौमत्वाखालील प्रांत असेल, तर प्रांताने केलेला सीमाकरार कोणत्या बळावर टिकणार, हा प्रश्न लगेच उभा राहतो. आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या उत्तर सीमेचा कायदेशीर युक्तिवाद अशा रीतीने एका शब्दाच्या निवडीला बांधलेला होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिनी भाषेत सार्वभौमत्वाला ‘चुछुआन’ आणि अधिसत्तेला ‘चुंगचुछुआन’ म्हणतात. दोन शब्दांत एका अक्षरचिन्हाचे अंतर आहे.

ऑगस्ट १९५० मध्ये तिबेटचा प्रश्न शांततेने सुटावा असे आवाहन करणारी टिपणे पणिक्करांनी चिनी परराष्ट्र मंत्रालयाला दिली. दिल्लीची धारणा चीनच्या अधिसत्तेच्या चौकटीत तिबेटची स्वायत्तता अशी होती. पेकिंगमध्ये पोचलेल्या स्मृतिपत्रात चीनचे सार्वभौमत्व आले. हे नजरचुकीने झाले असे काहींनी म्हटले, तर काहींनी पणिक्करांनी जाणूनबुजून केल्याचा आरोप ठेवला. वीस वर्षे याच दोन शब्दांवर उपजीविका केलेल्या माणसाने त्यांची अदलाबदल नकळत केली, हे पटणे जड जाते. मला तिसरी शक्यता अधिक खरी वाटते. पणिक्करांच्या लेखी हा भेद साम्राज्याच्या अडगळीतला होता. १५ ऑगस्टला भारताच्या भूमीवरून जी कल्पना कायद्याने हद्दपार झाली, ती हिमालयापलीकडे ब्रिटिशांचा वारसा म्हणून जपत बसणे त्यांना निरर्थक, कदाचित लाजिरवाणेही, वाटत असावे. बिकानेरच्या दिवाणाने संस्थानांबाबत जे केले, तेच राजदूताने तिबेटबाबत केले : पोकळी ठेवली नाही. फरक एवढाच, की बिकानेरची पोकळी भारताने भरली होती.

ऑक्टोबरच्या अखेरीस दिल्ली व पेकिंग यांच्यात कडक शब्दांच्या खलित्यांची देवघेव झाली. तिबेट हा चिनी भूमीचा अविभाज्य भाग आहे, असे चीनने बजावले. भारताच्या उत्तरात अधिसत्ता हा जुना शब्द परत आला. पण १६ नोव्हेंबरच्या चिनी खलित्याने भारताला त्याच्याच आधीच्या भाषेची आठवण करून दिली : चीनचे तिबेटवरील सार्वभौमत्व भारताने मान्य केले आहे, मग चीनने ते प्रत्यक्ष बजावताच अडथळा कशासाठी? या प्रश्नाला दिल्लीकडे सरळ उत्तर नव्हते. लेखी कागद समोरच्याच्या दप्तरी जमा झाला होता.

या खलित्याच्या नऊच दिवस आधी, ७ नोव्हेंबरला, सरदार पटेल यांनी नेहरूंना ते प्रसिद्ध पत्र पाठवले. चिनी हेतूंविषयी राजदूताची जी समजूत होती, आणि चिनी धोरणाचे समर्थन शोधण्यासाठी तो जे सायास घेत होता, त्यांवर पटेलांनी त्यात कठोर बोट ठेवले. त्याच महिन्यात तिबेटची तक्रार संयुक्त राष्ट्रांपुढे आली. प्रश्न शांततेने सुटण्याची आशा आहे, असे सांगून ती लांबणीवर टाकण्याच्या बाजूने भारतातर्फे बोलले नवानगरचे जामसाहेब, म्हणजे नरेंद्र मंडळाचे एके काळचे अध्यक्ष. इतिहास कधी कधी पात्रनिवड अशी करतो की कादंबरीकाराला ती संपादकाने कापायला लावली असती.

सगळा दोष एका राजदूताच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. डिसेंबर १९५० मध्ये संसदेत बोलताना नेहरूंनी स्वतः या दोन शब्दांतला भेद सांगितला, आणि तो फार मोठा नाही असेही लगेच जोडले. प्रमुखाची वृत्ती ही असेल तर दूताच्या लेखणीवर चाप कोण ठेवणार? तो ठेवण्याचा प्रयत्न करणारा एक माणूस होता : परराष्ट्र खात्याचे महासचिव गिरिजाशंकर बाजपेयी. ब्रिटिश अमदानीत घडलेला हा अधिकारी शब्दाच्या किमतीबाबत पणिक्करांच्या अगदी उलट टोकाला होता.

दोघांचा खरा सामना झाला तो न लिहिलेल्या शब्दावरून. १९५१-५२ मध्ये तिबेटातील भारतीय हितसंबंधांविषयी बोलणी सुरू झाली. चाऊ सीमेचा विषय काढत नव्हते. पणिक्करांचे मत असे, की नेहरूंनी मॅकमहोन रेषा हीच आपली सीमा असल्याचे संसदेत जाहीर केले आहे. चीन त्यावर गप्प आहे, म्हणजे त्याला ते मान्य आहे. आपण विषय काढला तर वादाला तोंड फुटेल. बाजपेयींचे म्हणणे, की चीनचे मौन हे चीनच्या सोयीचे आहे, आपल्या नव्हे. आपल्या हाती देण्यासारखे काही उरले आहे तोवरच सीमेची कबुली मागून घ्यावी. १९५२ मध्ये बाजपेयी मुंबईचे राज्यपाल झाले, आणि तिथूनही त्यांनी हा मतभेद दिल्लीपर्यंत पोचवला. नेहरूंनी अखेर पणिक्करांचा सल्ला उचलला.

देण्यासारखे जे होते ते त्याच वर्षी सरू लागले. ल्हासातील भारतीय प्रतिनिधी कार्यालयाचे रूपांतर सप्टेंबर १९५२ मध्ये वाणिज्य दूतावासात झाले आणि त्याच्या मोबदल्यात चीनला मुंबईत वाणिज्य दूतावास मिळाला. पाटीवरचा हा बदल वरवर किरकोळ. पण स्वायत्त शासनाच्या दरबारी प्रतिनिधी नेमला जातो, आणि वाणिज्य दूत नेमला जातो तो परक्या सार्वभौम राष्ट्राच्या एखाद्या शहरात. पणिक्करांनी याकडे यश म्हणून पाहिले. १९५५ च्या ‘इन टू चायनाज’ या आठवणींत, आपण चीन सोडला तेव्हा दोन्ही देशांत एकही प्रश्न लोंबकळत राहिला नव्हता, असे समाधान ते नोंदवतात. २९ एप्रिल १९५४ च्या करारात, ज्याच्या प्रस्तावनेत पंचशील आहे, तिबेटचा उल्लेख चीनचा तिबेट प्रदेश असा झाला. शिपकी, माना, नीती, लिपुलेख अशा सहा खिंडींची नावे व्यापार आणि यात्रेकरूंच्या वाटा म्हणून लिहिली गेली. सीमा हा शब्द टाळण्यात दोन्ही बाजूंना यश आले. यातुंग आणि ग्यांत्से येथील लष्करी तुकड्या, टपाल, तारयंत्रे आणि बारा विश्रामगृहे भारताने सोडली.

मौनाचा उलगडा २३ जानेवारी १९५९ च्या पत्रात झाला. चाऊंनी नेहरूंना कळवले, की दोन्ही देशांतली सीमा कधीच रीतसर आखली गेलेली नाही आणि १९५४ मध्ये हा विषय काढला नाही, कारण त्यासाठी परिस्थिती परिपक्व नव्हती. मध्यरात्रीच्या एका पसरट क्रियापदातून युद्ध ओळखणाऱ्या पणिक्करांनी त्याच चाऊंच्या मौनातून संमती वाचली होती. कोरियात त्यांचे स्वतःचे काही गुंतलेले नव्हते. तिबेटबाबत त्यांचा सिद्धांत गुंतलेला होता, आणि त्या सिद्धांताला आशियाचा नवा चीन प्रामाणिक असणे आवश्यक होते.

पेकिंगनंतरचे पणिक्कर मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने परिचित आहेत. कैरोतील राजदूतपदानंतर फाजल अली आणि हृदयनाथ कुंझरू यांच्यासह ते राज्य पुनर्रचना आयोगावर होते. सप्टेंबर १९५५ च्या अहवालात द्विभाषिक मुंबई आणि वेगळा विदर्भ सुचवला गेला आणि संयुक्त महाराष्ट्राचे रण पेटले. पणिक्करांनी त्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडली, ती महाराष्ट्राविषयी नव्हती. एकटे उत्तर प्रदेश एवढे अवाढव्य राहिले तर संघराज्याचा तोल बिघडेल, म्हणून त्याचे विभाजन करावे, असे त्यांनी मांडले. तो युक्तिवाद आजही जिवंत आहे, आणि मतदारसंघांच्या फेररचनेची चर्चा निघाली की त्याची धार जाणवते. पॅरिसमधील राजदूतपद, राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व आणि कुलगुरूपदे हा पुढचा प्रवास.

ज्या शब्दाला त्यांनी अडगळ मानले, तो शब्द ब्रिटनने मात्र आणखी अर्धे शतक जपला. ऑक्टोबर २००८ मध्ये परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांनी तो कालबाह्य ठरवून सोडून दिला तेव्हा तिबेटी समर्थकांत खळबळ उडाली. भारताने तोवर जून २००३ च्या जाहीरनाम्यात तिबेट स्वायत्त प्रदेश हा चीनच्या भूमीचा भाग असल्याचे मान्य केले होते. तिबेट आणि तिबेट स्वायत्त प्रदेश यांतही अंतर आहे, आम्दो आणि खाम यांचा मोठा भाग त्या प्रदेशाच्या बाहेर पडतो, असा खुलासा तेव्हा काही जाणकारांनी केला. डिसेंबर २०१० च्या संयुक्त निवेदनापासून भारताने एक चीन धोरणाचा उच्चारच थांबवला. म्हणजे मौन वापरण्याची पाळी या वेळी दिल्लीची होती.

१९५४ च्या कराराची मुदत आठ वर्षांची होती. जून १९६२ मध्ये ती नूतनीकरणाविना संपली आणि चारच महिन्यांनी चिनी सैन्य मॅकमहोन रेषा ओलांडून आले. पणिक्करांना हे पाहावे लागले. युद्धबंदीनंतर वर्षभराने, १० डिसेंबर १९६३ रोजी, म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू असताना त्यांचे निधन झाले. मुंबईतील चिनी वाणिज्य दूतावास आणि ल्हासातील भारतीय वाणिज्य दूतावास त्याआधीच बंद पडले होते. मुंबईतला पुन्हा उघडला आहे. ल्हासातला अद्याप उघडलेला नाही.